ऊन, रोज आणि मुकादमाचं घड्याळ

मार्च सरत आला की दरवर्षी सरकारी पत्रक येतं. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. पत्रकात खोटं काही नसतं. पण ज्यांचं पोटच घराबाहेर आहे त्या गवंड्याने, बिगाऱ्याने, हळद काढणाऱ्या बाईने, रस्त्यावर खडी पसरणाऱ्याने ते वाचून करायचं काय? कामाला कधी लागायचं, कधी टेकायचं, पाणी किती लांब ठेवायचं, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. ते ठरवतो मुकादम, ठेकेदार, शेतमालक. शहरात ठरवतो सोसायटीचा सेक्रेटरी, जो पावसाळा तोंडावर आला म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग ऐन मेमध्ये काढतो. म्हणून हे सांगणं आधी रोज देणाऱ्यांना आहे. रोज घेणाऱ्यांनीही वाचावं, काही ठिकाणी हट्ट धरायला उपयोगी पडेल.

आकडा सावलीतला असतो

पेपरात ‘अकोला ४३’ असं छापून येतं तो आकडा सावलीतला. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, वारं खेळेल अशा जागी ठेवलेला असतो. स्लॅबवर सळई बांधणाऱ्याला ना ती पेटी, ना तो वारा. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं काँक्रीट आणि हातात चटके देणारं लोखंड. थेट उन्हात जाणवणारा उष्मा सावलीतल्यापेक्षा सात-आठ अंशांनी सहज जास्त भरतो. त्यात अंगमेहनतीची भर. कुदळ मारताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची अंगातच उष्णता होऊन राहते. झाडाखाली बसलेला मुकादम ‘एवढं काही ऊन नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या अंगाला खरंच तेवढं लागत नसतं.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य उपाय एकच, घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, वाळावा लागतो. विदर्भ-खानदेशात हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडतो, अंग कोरडंच वाटतं आणि किती पाणी गेलं याचा पत्ता लागत नाही. मुंबई-कोकणात उलट. घाम निथळत राहतो, सदरा पिळून काढावा इतका ओला होतो, पण दमट हवेत तो वाळत नाही आणि अंग गार होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना टेकल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, किनाऱ्यावर मात्र ३७ पासून करतं. ‘आमच्याकडे समुद्राचा वारा आहे, उष्माघात विदर्भात होतो’ असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवून द्यावं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या त्या सोहळ्यात उन्हाने चौदा जण गेले. ते कुदळ मारत नव्हते, मैदानात बसून होते.

वेळ बांधा, बाकीचं नंतर

मोबाइलमध्ये अतिनील किरणांचा निर्देशांक दिसतो. तो बघायचा नसेल तर स्वतःची सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कातडीला आणि डोळ्यांना बाधणारं झालं. मे महिन्यात ही वेळ सकाळी नऊ-सव्वानऊला येते आणि दुपारी पावणेचार-चारपर्यंत टिकते. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरकडे आणि महिनाअखेरीस नागपूरकडे एक दिवस तर भर दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते, इतका सूर्य थेट डोक्यावर असतो.

सावलीच्या या खुणेत एक खोट आहे. किरणांचा जोर दुपारी साडेबाराच्या सुमाराला सर्वांत जास्त, पण हवा तापत राहते ती अडीच-तीन-साडेतीनपर्यंत. चारला सावली लांबली तरी भिंती, खडक, डांबर यांनी दिवसभर पिऊन घेतलेली धग बाहेर येतच असते. म्हणून दोन तास सरकवायचेच असतील तर ते संध्याकाळकडे न सरकवता पहाटेकडे सरकवावेत. सहा ते अकरा आणि मग चार ते साडेसहा हे वेळापत्रक बहुतेक कामांना बसतं.

हे काही नवं शास्त्र नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम चालतो, राज्यातल्या सर्वांत कडक उन्हात. तिथे उजाडायच्या आत माणसं जंगलात शिरतात आणि ऊन चढेपर्यंत पानांचं ओझं घेऊन घरी परततात. दुपारभर अख्खं घर मांडवाच्या, पडवीच्या सावलीत बसून पानं सारखी करतं, पुडकी बांधतं आणि उन्हं कलली की ती संकलन केंद्रावर नेऊन देतं. तोडणी गारव्यात, बसकाम सावलीत. बांधकामाच्या साइटवर हेच करता येतं. खोदाई, स्लॅब, माल चढवणं सकाळी उरकायचं. सळई कापणं-वाकवणं, खिळे काढणं, फळ्या साफ करणं दुपारी शेडमध्ये. बाहेरून गिलावा किंवा रंग असेल तर सकाळी पश्चिमेची भिंत घ्यायची आणि दुपारनंतर पूर्वेची. पैसा लागत नाही, आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं डोकं लागतं.

पहाटेच्या वेळेला एक अडचण आहे आणि ती बायकांची आहे. सहाला बांधावर पोचायचं तर चारला उठून भाकऱ्या थापाव्या लागतात, पाणी भरावं लागतं. वेळ बदलताना त्यांना विचारलंच जात नाही. विचारा. काही गावांत साडेसहा जमेल, काही ठिकाणी मालकाने न्याहारीचं बघितलं तर सहाही जमेल. झोप कापून गाठलेली पहाट उन्हापासून वाचवत नाही, कारण न झोपलेल्या अंगाला ऊन लवकर लागतं.

खरी गोची उक्त्या कामात आहे. रोजाने आलेला माणूस ‘बस जरा’ म्हटलं की बसतो. उक्तं घेतलेला बसत नाही, कारण बसला की त्याचाच पैसा बुडतो. ऊसतोडीत टनावर भाव, वीटभट्टीवर हजार विटांवर भाव, आणि वर आधी घेतलेली उचल फेडायची. अशा माणसाला ‘काळजी घ्या’ सांगणं म्हणजे त्याची थट्टा. उक्त्याचा भाव ठरवतानाच विसाव्याचा वेळ धरून भाव ठरवावा आणि पूर्ण टोळीला एकदम बसवावं, म्हणजे शेजारचा कोयता पुढे गेला ही धास्ती राहत नाही.

यात मालकाचं नुकसान होतं असं वाटणाऱ्यांनी मध्य अमेरिकेकडे बघावं. निकाराग्वा, एल साल्वादोरकडे ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होऊन हजारो माणसं गेली. ना मधुमेह, ना रक्तदाब. भर उन्हात ढोर मेहनत आणि अंगातलं आटलेलं पाणी हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तिथे उसाच्या फडात हलवता येणारे मांडव नेले, पाठीवरच्या पिशवीत पाणी दिलं, विसाव्याच्या वेळा ठरवून दिल्या. एल साल्वादोरच्या प्रयोगात माणशी तोडणी घटली नाही, उलट वाढली. निकाराग्वातल्या कारखान्यात विसावा वाढवल्यावर मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्या. आपल्या कारखान्यांच्या संचालक मंडळांनी अभ्यासदौरे काढायचेच असतील तर तिकडे काढावेत.

नवा माणूस, पहिला आठवडा

इतकं महत्त्वाचं असून या गोष्टीकडे जवळजवळ कोणी बघत नाही. उन्हाने दगावणाऱ्या कामगारांत पहिल्या काही दिवसांतल्या नव्या माणसांचं प्रमाण फार मोठं असतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातलं मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. सवय मोडतेही तशीच. होळीला मेळघाटात गावी जाऊन आलेली टोळी, लग्नसराईत पंधरा दिवस घरी राहिलेला गवंडी, तापातून उठलेला ड्रायव्हर, हे सगळे पुन्हा कच्चे झालेले असतात. त्यांना हे कळत नाही, कारण काम तर हातात बसलेलं असतं.

अगदी नवख्याला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावं. जुना पण खंड पडलेला माणूस पहिल्या दिवशी निम्म्यावर, मग साठ टक्के, मग ऐंशी आणि चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेल्या वेळात सावलीतलं हलकं काम, रोज मात्र पूर्ण. नाक्यावरून सकाळी उचललेल्या अनोळखी पोराला त्याच दुपारी खड्ड्यात उतरवणं, ही सर्वांत वाईट सुरुवात. आणि होतं बहुधा नेमकं तेच.

पाण्याचा हिशेब

कडक उन्हात मेहनत करणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही दर वीस मिनिटांनी पेलाभर. दोन तासांनी तांब्याभर घटाघटा पिऊन ती भरपाई होत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नये, आणि ईर्ष्येने तासाला दीड लिटरच्या वरही जाऊ नये, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. वीस माणसं सात तास राबणार असतील तर साधा हिशेब १४० लिटरचा, म्हणजे वीस लिटरचे सात जार. तुमच्या साइटवर सकाळी किती जार उतरतात ते मोजा. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन दिसतील, त्यातला एक ऑफिसच्या केबिनमध्ये.

पाणी हाकेच्या अंतरावर नसेल तर कोणी उठून जात नाही. म्हणून मोठ्या टोळीत एक पाणक्या ठेवावा. एका वयस्क बाईला किंवा बुवाला पूर्ण रोज देऊन तेवढंच काम सांगावं: कळशी आणि पेला घेऊन रांगेतून फिरत राहायचं. हे माणूस वाया घालवणं नाही. तोच माणूस कोणाचा चेहरा उतरलाय, कोण गप्प झालाय, हेही दिवसभर बघत असतो.

पाच-सहा तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही भरून काढावं लागतं. मीठ घातलेलं ताक, कोकणात कोकमाचं सरबत, कैरीचं पन्हं, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, आणि जेवणात भाकरीबरोबर खर्डा-लोणचं, हे सगळं कामाचं. अंगात त्राण उरलं नसेल, पायात गोळे येत असतील तर ओआरएस. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्यावी, कारण फळांच्या चवीची गोडमिट्ट पेयं म्हणजे ओआरएस नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला पोह्याचा मोठा चमचा नको, चहाचा छोटा. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाऱ्याने मिठाचं डॉक्टरांना विचारून करावं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर उन्हाळा सुरू होतानाच एकदा भेटून यावं. दारू उतरलेली नसताना उन्हात उभं राहणं धोक्याचं. खिशात कांदा ठेवून काही होत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

बायका कमी पाणी पितात. त्यांना तहान लागते, पण आडोसा नसतो. शंभर माणसांच्या साइटवर संडास नाही, शेतात पऱ्हाट्या उपटून झाल्यावर लपायला झुडूपही नाही, मग सकाळपासून घोटभर पाण्यावर ओढायचं. पुढे उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, कंबर धरते, आणि तेही कोणाला सांगता येत नाही. चार बांबू, जुनी शेडनेट किंवा दोन जुन्या साड्या आणि एक बादली पाणी, एवढ्यात शेताच्या कोपऱ्यात आडोसा उभा राहतो. पाण्याच्या सगळ्या उपदेशाआधी हे करा. पुरेसं पाणी पोटात जातंय का याची खूणही लघवीचीच: फिकट पिवळी असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखी गडद झाली तर माणूस कोरडा पडलाय.

पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची सोय ही उपकाराची बाब नाही. बांधकामावर १९९६ च्या कायद्यापासून ती मालकाची जबाबदारी आहे, आणि रोजगार हमीच्या कामावरही पाणी, सावली, औषधपेटी हवी हा जुनाच नियम.

डोकं, डोळे, कातडी

शेतातल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात आणि डोक्याला पदर किंवा रुमाल गुंडाळतात. याहून चांगला पोशाख कोणत्या दुकानात मिळत नाही. पुरुषांच्या बाबतीत मात्र घसरण झाली आहे. फेटा-टापर गेलं आणि त्याजागी जाहिरातीची टोपी आली, जी कान आणि मान उघडी टाकते. मानेवर उतरणारं उपरणं किंवा दुपट्टा हवाच. कोरड्या हवेत तो ओला करून बांधला तर चांगला गारवा देतो, दमट किनाऱ्यावर तेवढा नाही. हेल्मेट सक्तीचं असेल तिथे आत पातळ ओला कपडा चालतो, पण हेल्मेट डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे. कपडे टेरिकॉटचे नकोत.

सनस्क्रीनबद्दल आपल्याकडे नको तेवढं बोललं जातं. गोऱ्या लोकांच्या देशांत उन्हात राबणाऱ्यांना कातडीचा कर्करोग हा मोठाच धोका आहे. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य आपल्याला त्यापासून बरंच वाचवतं. उष्माघातापासून आणि डोळ्यांच्या इजेपासून ते अजिबात वाचवत नाही. दिवसभर घाम पुसणाऱ्या माणसाच्या अंगावर मलम टिकतही नाही. तेव्हा खर्च करायचा तर कपड्यावर करावा. कोड असलेले, जन्मतः रंगद्रव्य नसलेले, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी ऊन बाधवणारी औषधं घेणारे यांनी मात्र एसपीएफ ३० च्या वरचं मलम दर दोन तासांनी लावावं.

डोळ्यांचं कोणीच बोलत नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदू लवकर येतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढतं. मिठागरात, वाळूच्या खाणीत, मासेमारीच्या होडीत ऊन वरून येतं तसं खालूनही उसळतं, तिथे टोपीही अपुरी. बाजूने झाकणारा चष्मा घ्यावा आणि त्यावर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असावं. जत्रेतला काळा चष्मा उलट वाईट: काळोखाने बाहुली मोठी होते आणि न गाळलेले किरण जास्त आत जातात.

फवारणीची गोष्ट वेगळी आहे. मास्क, हातमोजे, जाड अंगरखा उकाड्याने नकोसा होतो आणि माणूस काढून टाकतो. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, ते मे महिन्यात नाही, कपाशीच्या हंगामात. ऑक्टोबरचं ऊन हेही ऊनच. फवारणी सकाळी लवकर, आणि अंगरखा अंगावर राहील एवढाच वेळ.

कोणी कोसळला तर

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम: माणसाला सावलीत आडवं करा, पाय जरा उंच, थंड पाणी, ओआरएस, आणि त्या दिवशी काम बंद. हे साधं ऊन लागणं.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडला, तोल जाऊ लागला, नाव-गाव सांगेना, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. अंग कोरडं असेल असं नाही, राबणाऱ्या माणसाला घामाने चिंब असतानाही उष्माघात होतो. साइटवर नेहमी होणारी चूक अशी की ‘प्यायलाय’ म्हणून त्याला पत्र्याच्या खोलीत झोपायला पाठवतात. भर दुपारी बरळणारा मजूर हा उष्माघाताचाच रुग्ण, असं धरूनच चालावं.

आधी गार करा, मग हलवा. जिथे असेल तिथल्या सावलीत कपडे सैल करा आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा. जनावरांचा हौद, ड्रम, क्युरिंगची टाकी जवळ असेल तर डोकं धरून त्यात बसवा. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत. दोघांनी वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात अंग निवलं तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, म्हणून गाडीतही पाणी मारणं थांबवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका, फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप वेगळा, त्याने उतरत नाही.

एकाने गार करायचं, दुसऱ्याने त्याच वेळी १०८ लावायचा. ‘पाटलांच्या मळ्यात या’ असं सांगून रुग्णवाहिका पोचत नाही. हंगामाच्या पहिल्याच दिवशी कामाच्या जागेचा पत्ता, रस्ता आणि जवळची ठळक खूण एका कागदावर लिहून पाण्याच्या जारशेजारी चिकटवावी, आणि फोन झाला की एका पोराला डांबरी रस्त्यावर उभं करावं. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात उष्माघात कक्ष उघडलाय हेही त्याच कागदावर.

वाचून आलेल्या माणसाला चार दिवसांत पुन्हा उन्हात उभं करू नये. डॉक्टर सांगतील तोवर सावलीतलं काम, नंतर नवख्यासारखं पहिल्या दिवसापासून चढवत न्यायचं. आणि रात्रीच्या मुक्कामाला पत्र्याची खोली असेल तर पत्र्यावर पांढरा चुना मारा, वर तुराट्या-पऱ्हाट्या पसरा, नाहीतर खाटा बाहेर काढू द्या. रात्रभर जो निवला नाही, तो सकाळी सहाला कामावर येतानाच अर्धा तापलेला असतो.